यंत्र डॉक्टरांचे, नजर डॉक्टरांची

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात रोबोटने ऑपरेशन होते, असे ऐकले की गावाकडचा माणूस बिचकतो. यंत्राच्या हाती जीव कसा द्यायचा, असे त्याला वाटते. पण मंडळी, हे यंत्र आपल्या मनाने काही कापत नाही. अमेरिकेत सन २००० मध्ये 'दा विंची' या यंत्राला पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांसाठी सरकारी परवानगी मिळाली. त्यात डॉक्टर रोग्यापासून थोडे दूर बसतात आणि पोटातले मोठे केलेले चित्र पाहत हात हलवतात. तसतशी आतली बारीक अवजारे हलतात.

साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत अवजार छिद्रातून आत जाते, म्हणून हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंगचा जसा उलटा हिशेब असतो, तसेच हे. रोबोट हा हिशेब सरळ करून देतो. पण अशा बहुतेक यंत्रांत हाताला स्पर्श कळत नाही. धागा किती ताणला, हे नजरेनेच ताडावे लागते. कॅमेऱ्याच्या नजरेआड गेलेले अवजार कुठे आहे, हेही मनात धरावे लागते.

म्हणून शिकाऊ डॉक्टर आधी संगणकावर सराव करतात. खुंटीवरची कडी एका चिमट्यातून दुसऱ्यात द्यायची, वाकड्या तारेवरून कडी न घासता न्यायची, ठरल्या ठिपक्यातून सुई काढायची. चूक झाली तर यंत्र ती दाखवते. रोग्याला इजा नाही.

ही नजर जन्मजातच लागते का? कॅनडातल्या टोरांटो येथील संशोधकांचा अभ्यास २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तो रोबोटचा नव्हता, कातडीवर तिरके काप देऊन सांधण्याचा होता. आकृती मनात फिरवून पाहण्यात जे शिकाऊ सर्जन कच्चे होते, ते आधी मागे पडले. पण सराव करून घेतला, चुका दाखवल्या, तेव्हा तेही बरोबरीला आले. ट्रॉलीचेही तसेच नाही का? पहिल्या दिवशी ती बांधावर चढते, मग हातच शिकतात.

तेव्हा घरात कुणाला असे ऑपरेशन सांगितले, तर नुसत्या यंत्राच्या नावाला भुलू नका आणि भिऊही नका. "डॉक्टरसाहेब, या यंत्रावर अशी किती ऑपरेशने आपण स्वतः केलीत?" असे नम्रपणे विचारा. त्यात संकोच कसला? बैल घेताना आपण दात पाहतोच की!