कुंकू लावून भंगारात

दुरुस्तीच्या हक्काचा विषय राष्ट्रीय विज्ञानवार्तांमध्ये अधूनमधून डोके वर काढतो आणि दोन दिवसांत विरून जातो. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये त्यासाठी समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, संकेतस्थळ सुरू केले आणि मे 2025 मध्ये दुसऱ्या एका समितीने ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांका’चा आराखडा सादर केला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग वेळेत मिळतात का, दुरुस्तीची माहिती उपलब्ध आहे का, अशा कसोट्यांवर उत्पादकानेच आपले गुण जाहीर करावयाचे. आरंभ मोबाइल आणि टॅबलेटपासून. उपक्रम स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु ज्या वस्तू या निर्देशांकाच्या कितीतरी आधीपासून उत्तम दुरुस्त होत आल्या आहेत, त्यांचे या देशात काय होते, हा प्रश्न या चर्चेत कुठेच येत नाही.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमसारख्या वस्तीत हा प्रश्न विचारून पाहावा. शेजारी कुक्करहळ्ळी तलाव, पलीकडे मानसगंगोत्रीचा विद्यापीठ परिसर, भारतीय भाषा संस्थान, वाक्-श्रवण संस्था; शहरात केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था. विद्येच्या नावानेच वसलेल्या या वस्तीत दसऱ्याच्या आयुधपूजेला, म्हणजे आपल्याकडच्या खंडेनवमीला, दुचाकीपासून संगणकापर्यंत सर्वांना हळदकुंकू लागते. कळफलकाच्या फटीत गेलेले ते कुंकू पुढे वर्षभर निघत नाही, हा भाग वेगळा. पूजा झालेली तीच वस्तू एखादी कळ अडली की किलोच्या भावाने भंगारात जाते, हे मात्र केवळ म्हैसूरचे नव्हे, साऱ्या देशाचे चित्र आहे.

उदाहरण म्हणून चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा ‘गोल्ड’ कळफलक घ्यावा. बँकेच्या खिडकीपलीकडून ऐकू येणारा तो टकटक आवाज एका पिढीच्या कानात बसला आहे. टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करणारे उमेदवार अजूनही तोच मागतात. 2010 मध्ये रुपयाचे चिन्ह स्वीकारले गेल्यावर ‘भारत’ नावाच्या आवृत्तीवर तेही आले. या कळफलकात अनेक वर्षे जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे स्विच वापरले जात. प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच, आत स्प्रिंग, सोन्याचा मुलामा दिलेला संपर्कबिंदू आणि आवाज करणारा एक छोटा सरकता भाग. असा एक स्विच पाच कोटी वेळा दाबला तरी टिकतो, असे निर्माता सांगत आला आहे.

अशा कळफलकात बिघाड होतो तो बहुधा एका कळीत. अक्षर दोनदा उमटते किंवा उमटतच नाही. टोपी उपटावी, फळी उलटी करावी, त्या स्विचच्या दोन पायांवरचे सोल्डर वितळवून शोषून घ्यावे, नवा स्विच बसवावा. सरावलेल्या हाताला हे काही मिनिटांचे काम आहे. एक संपूर्ण ओळ किंवा स्तंभ मेला असेल तर मल्टिमीटर लावून तुटलेला मार्ग शोधावा, कारण कळा ओळी-स्तंभांच्या जाळीत जोडलेल्या असतात आणि नियंत्रक ती जाळी अखंड तपासत असतो. पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन पुरते. म्हैसूरला उन्हाचा तुटवडा नाही.

याहून जुना आणि अधिक सुंदर नमुना आयबीएमचा. 1981 च्या ‘मॉडेल एफ’मध्ये आणि 1985 च्या ‘मॉडेल एम’मध्ये प्रत्येक कळीखाली उभी स्प्रिंग असते. भार एका मर्यादेपलीकडे गेला की ती बाजूला अचानक वाकते, भिंतीवर आपटते आणि खालचा छोटा हातोडा कलंडवते. उभ्या स्तंभाच्या या वाकण्याचे गणित लेओनार्ड ऑयलरने 1744 मध्ये मांडले होते. 1978 च्या पेटंटने त्याची कळ केली. ‘मॉडेल एफ’ हातोड्याची चाल विद्युत्धारितेतील बदलाने ओळखतो, ‘मॉडेल एम’ पातळ पटलांवरच्या दाबाने. ‘मॉडेल एम’चे दुखणे ठरलेले: पोलादी पत्रा धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे रिव्हेट वयोमानाने तुटतात. उरलेले कापून काढावेत, भोके पाडावीत, बारीक स्क्रू आणि नट बसवावेत, की चाळीस वर्षांचा कळफलक पुन्हा उभा राहतो. जुनी जोडणी आजच्या संगणकाला कळत नसेल तर एक स्वस्त सूक्ष्मनियंत्रक दुभाष्याचे काम करतो.

एवढे सांगितले की ठरलेले उत्तर येते: हे छंदिष्टांचे खेळ, हे विज्ञान नव्हे. हे मत जितके प्रतिष्ठित तितकेच पोकळ आहे. ऑयलरचे समीकरण फळ्यावर सोडवले तर विज्ञान आणि त्याच समीकरणावर चालणारी स्प्रिंग हातात घेऊन ती का अडली हे शोधले तर हमाली, ही विभागणी कोणत्या निसर्गनियमाने केली? संभाव्य कारणे मांडणे, एकेक वगळत जाणे, मोजून खात्री करणे, यालाच प्रयोगशाळेत पद्धत म्हणतात. पीएच.डी. होऊनही ज्याने उपकरणाचे झाकण कधी उघडलेले नाही, अशा संशोधकाचा प्रयोग एका रिलेपायी परदेशी कंपनीच्या अभियंत्याची वाट पाहत महिनोन्‌महिने थांबतो. त्याच्या हाताला सोल्डरिंगचा पहिला चटका कळफलकावर बसला असता तर तो फार स्वस्तात पडला असता.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक प्रामाणिक आहे. दुरुस्तीच्या मजुरीत नवा कळफलक येतो. येतोच, पण तो रबरी घुमट्यांचा, ज्यात दुरुस्त करण्यासारखे काही ठेवलेलेच नसते. काही हजारांच्या यांत्रिक कळफलकाची तुलना त्याच्याशी करणे म्हणजे पितळेच्या तांब्याची तुलना कागदी पेल्याशी करणे. सर्वात कमी किमतीच्या निविदेला डोळे झाकून कौल देणारी खरेदी हे दर ठरवते आणि मग तेच दर दाखवून दुरुस्ती परवडत नाही असे सांगते.

ही कला या देशाला परकी नव्हती. गोदरेज आणि बॉईसने 1955 मध्ये भारतीय बनावटीचा टंकलेखक बाजारात आणला आणि पुढे तालुक्याच्या गावापर्यंत त्याचे मेकॅनिक पोहोचले. तेलाची कुपी, बारीक पक्कड आणि सुट्या टंकांचा डबा घेऊन कचेरीत फिरणारा तो माणूस मराठी कळफलकाची रचना बोटांनी जाणत होता. टंकलेखक गेले तसा तोही गेला, आणि त्याच्या ज्ञानाची गणना कोणी तंत्रज्ञानात केली नाही. अमेरिकेत लेक्सिंग्टनची युनिकॉम्प ही छोटी कंपनी आयबीएमच्या त्याच वाकत्या स्प्रिंगचे कळफलक आजही बनवते आणि जुन्यांची दुरुस्तीही करते.

ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांकडे पाहिले की प्राधान्यक्रम स्पष्ट होतो. पुनर्चक्रणाची उद्दिष्टे टक्क्यांत आहेत: 2023-24 साठी 60, पुढे वाढत 2027-28 पासून 80. नूतनीकरणाने वस्तूचे आयुष्य वाढवले तर उत्पादकाला जबाबदारी पुढे ढकलता येते एवढीच सवलत. दुरुस्तीला स्वतःचे उद्दिष्ट नाही. म्हणजे चालू शकणारी वस्तू वितळवली तर आकडा वाढतो आणि वाचवली तर केवळ लांबतो.

तेव्हा मोबाइलवरच्या ताऱ्यांबरोबर सर्वात मोठ्या ग्राहकाकडे, म्हणजे शासनाकडे आणि शासकीय संशोधनसंस्थांकडेही पाहावे. उपकरणाच्या निविदेत विद्युत् आराखडा आणि सुट्या भागांचा पुरवठा या अटी सक्तीच्या कराव्यात. आणि निर्लेखनाच्या प्रत्येक प्रस्तावात दोन रकाने वाढवावेत: उपकरण कोणी उघडले, आणि आत काय आढळले. ते कोरे असतील तर प्रस्ताव परत पाठवावा.