नाकापेक्षा मोती जड!

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा म्हणजे महाराष्ट्रातील मोटारीचे माहेर. आकुर्डीची स्कूटर, पिंपरीचा ट्रक आणि चाकणची मोटार यांनी या परिसराला अन्न दिले, नाव दिले आणि यंत्राची समजही दिली. वाहनांची कसोटी घेणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ साली पुण्यातच स्थापन झाली आणि वाहतुकीचे शास्त्र अभ्यासणारी केंद्रीय संस्था भोसरीजवळ उभी राहिली. या कारखान्यांतील आणि शेजारच्या हिंजवडीतील अभियंत्यांची कुटुंबे आज पिंपळे सौदागरच्या उंच इमारतींतून राहतात. अशा घरातील तरुणाला मोटारीचे बॉनेट उघडून आत डोकवावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय?

परंतु आता डोकावून भागत नाही. इंजिनाची शक्ती वाढविणारा टर्बोचार्जरचा तयार संच परदेशातून घरपोच मागविता येतो. तो कसा बसवावा हे दाखविणाऱ्या चित्रफिती हातातल्या मोबाइलवर फुकट पाहावयास मिळतात. मग दोन-चार सुट्ट्यांत सोसायटीच्या पार्किंगमध्येच आपली छोटेखानी स्पोर्ट्स कार ‘तयार’ करण्याचा मोह कोणास होणार नाही? या मोहाकडे शेजारी उपद्रव म्हणून पाहतात आणि कायदा अपराध म्हणून. आमच्या मते या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. येथे प्रश्न हौसेचा नाही. घरी केलेले काम तपासावयाचे कोणी, हा आहे.

टर्बोची कल्पना काही आजची नव्हे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूवर एक चक्र फिरवावयाचे, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबावयाची आणि त्या वाढीव हवेबरोबर वाढीव पेट्रोल जाळून अधिक शक्ती मिळवावयाची, इतके हे सोपे तत्त्व. तत्त्व सोपे असले तरी व्यवहार तितका सोपा नाही. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. त्या तेलाची एखादी नळी सैल राहिली, तर तेल लालबुंद तापलेल्या धातूवर गळते. हवा वाढली पण त्या मानाने पेट्रोल वाढले नाही, तर सिलिंडरमधील उष्णता मर्यादेबाहेर जाते. ठिणगी पडून सुरू झालेली ज्वाला पसरते न पसरते तोच उरलेले मिश्रण आपोआप भडकते, इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनला भोक पडावयास फार वेळ लागत नाही. आणि हे सारे घडावयाचे कोठे? जेथे दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांच्या गाड्या उभ्या आहेत आणि वर शेकडो माणसे झोपली आहेत, तेथे!

घरगुती कारागिरांचीच ही अडचण आहे, असे मात्र कोणी समजू नये. १९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीने ‘ओल्ड्समोबिल जेटफायर’ ही टर्बोची मोटार बाजारात आणली. इंजिन ठोकू नये म्हणून तिच्यात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची योजना होती. मालकांना त्या मिश्रणाची टाकी वेळच्या वेळी भरण्याची आठवण राहिना. तक्रारी वाढल्या आणि पुढे अनेक गाड्यांवरचा टर्बो काढून टाकावा लागला. ज्यांच्यापाशी प्रयोगशाळा होत्या त्यांची ही कथा, तर पान्यांची एक पेटी आणि एक चित्रफीत एवढ्याच भांडवलावर काम करणाऱ्याने किती जपावयास हवे?

शक्ती वाढवावयाची तर आणखी काय काय वाढवावे लागते, याचा धडा पुणे जिल्ह्यातच सापडतो. रांजणगावच्या कारखान्यातून २०१० साली फियाटची ‘लिनिया टी-जेट’ बाहेर पडली. तिच्या १.४ लिटर टर्बो इंजिनाची शक्ती सुमारे ११४ अश्वशक्ती होती. त्याच जातीचे इंजिन २०१५ साली ‘अबार्थ पुंटो’मध्ये सुमारे १४५ अश्वशक्तीचे होऊन आले. परंतु त्या गाडीला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि तिची बांधणी जमिनीला अधिक जवळ होती. कारण उघड आहे. वेग ताशी १०० किलोमीटरवरून १४० वर गेला, की गाडीच्या अंगची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते आणि थांबण्यास लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. घरगुती संच विकत घेणारा टर्बो घेतो; ब्रेक, क्लच, टायर आणि सस्पेन्शन मात्र जुनेच राहतात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो याहून वेगळा कोणता?

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ निःसंदिग्धपणे उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. कागदावर याहून कडक ते काय असावे?

पण या कायद्याला जीभ आहे, डोळे नाहीत. खासगी मोटारीची नोंदणी एकदा झाली, की पंधरा वर्षे तिची यंत्रे कोणी सरकारी अधिकारी तपासत नाही. प्रदूषणाचे प्रमाणपत्र घ्यावे, तर पेट्रोलच्या गाडीची तपासणी ती उभी असताना, इंजिनावर कोणताही भार नसताना होते. टर्बो आपला खरा पराक्रम दाखवितो तो भार पडल्यावर. तेव्हा ज्या गाडीत तो चोरून बसविला आहे, तीही हे प्रमाणपत्र सुखाने मिळवू शकते. मग पोलिसांच्या हाती उरतो तो आवाज. जप्त केलेल्या कर्कश सायलेन्सरांवर रोलर फिरविण्याचे कार्यक्रम शहरोशहरी होतात आणि त्यांची छायाचित्रेही छापून येतात. नागरिकांच्या झोपेसाठी ते आवश्यकच आहेत. पण जो फेरफार ओरडत नाही तो सुटतो, आणि अधिक धोकादायक असतो तो बहुधा हाच! सर्वस्वी बंदी आणि जवळजवळ शून्य तपासणी यांच्या संयोगातून शिस्त निर्माण होत नाही. लपविण्याची सवय तेवढी जडते. जो लपवितो तो जाणत्याचा सल्ला घेत नाही, विमा कंपनीस कळवीत नाही आणि आपल्या नुकसानीचा दावा फेटाळला जाण्याची पाळी स्वतःवर ओढवून घेतो.

मग उपाय कोणता? तो दूर शोधावयास नको. याच ५२व्या कलमात, केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या अटींवर इंधन बदलणारे संच बसविण्याची मुभा आहे. सुमारे २०० पट वातावरणदाबाचा वायू भरलेली सी.एन.जी.ची टाकी आज हजारो गाड्यांच्या डिकीत निर्धास्तपणे बसली आहे. ते का शक्य झाले? संच मान्यताप्राप्त असतो, बसविणारा अधिकृत असतो आणि आर.टी.ओ.च्या दप्तरी त्याची नोंद होते, म्हणून. २०१९च्या दुरुस्तीने तर अन्य फेरफारांसाठीही नियम ठरविण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे. म्हणजे दार कायद्यातच आहे. शक्ती वाढविणाऱ्या संचांपुरती त्याची कडी अजून काढलेली नाही, इतकेच. जर्मनीत असे फेरफार अधिकृत तपासनीसाकडून पारखून गाडीच्या कागदपत्रांत नोंदविले जातात. ज्या देशाच्या मोटारकंपन्यांचे कारखाने चाकणला आहेत, त्या देशाची ही रीत आपण का उचलू नये?

आमची सूचना अशी. संचाची मान्यता ‘एआरएआय’सारख्या संस्थेने द्यावी. तो परवानाधारक गॅरेजमध्येच बसविला जावा. वाढीव शक्तीला पुरेसे ब्रेक असल्याखेरीज नोंद होऊ नये. भार देऊन धुराची तपासणी व्हावी आणि विमा कंपनीस कळविणे सक्तीचे असावे. याचा खर्च हौस करणाऱ्यानेच सोसावा. सार्वजनिक रस्त्यावरील शेजाऱ्याच्या जिवापेक्षा आपली हौस स्वस्त पडावी, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

यावर आक्षेप येईल, की अशाने वेगाचे वेड वाढेल. हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. पण वेड आजही आहेच. ते केवळ अंधारात आहे. शिस्त लागली तर काय घडते, हे पाहावयाचे असेल तर २००७पासून पिथमपूरला भरणाऱ्या ‘बाहा’ स्पर्धेकडे पाहावे. आपली महाविद्यालयीन मुले स्वतःच्या हातांनी गाडी बांधतात. परंतु चारही चाके एकदम थांबतात हे परीक्षकांसमोर सिद्ध केल्यावाचून ती गाडी शर्यतीत उतरविली जात नाही. त्या नियमाला ही मुले अपमान समजत नाहीत. ती त्यासाठी रात्री जागतात. कसब आणि कसोटी यांचे वैर नाही, याला आणखी कोणता पुरावा हवा?

तोवर पिंपळे सौदागरच्या आणि एकंदर या पट्ट्यातील तरुणांना आमचे सांगणे एवढेच, की नियम बदलेपर्यंत असा संच बसवून गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे, आणि शिकावयाचे असेल तर भंगारात निघालेले इंजिन जाणत्याच्या देखरेखीखाली गॅरेजमध्ये उघडून पुष्कळ शिकता येते. सोसायट्यांच्या चालकांनी पार्किंगमध्ये इंधनाची व तेलाची कामे होऊ देऊ नयेत. पण मुलाच्या हातातील पाना हिसकावून घेणे हाच आपला पराक्रम, असेही मानू नये. या नगरीचे वैभव अशाच हातांनी उभारले आहे. त्या हातांना चोरवाट धरावयास लावणे शहाणपणाचे की त्यांच्यासाठी राजमार्ग बांधून त्यावर तपासणी नाका उभारणे शहाणपणाचे, याचा निर्णय दिल्लीने आता घ्यावा. आणि मोटारीवर पोट भरणाऱ्या या पट्ट्याच्या लोकप्रतिनिधींनी तो तिच्याकडून घेववावा.