‘दुधाची गाठ’ म्हणून किती दिवस थांबायचं?

वस्तीतली एक बाई, अंगावर पिणारं पोर. स्तनात गाठ लागली. सासू म्हणाली, “दुधाची गाठ आहे, शेक.” दवाखान्यातही तेच सांगितलं. सहा महिन्यांनी मी तिला मोठ्या इस्पितळात नेलं, तोवर कर्करोग काखेत पोचला होता. ती विचारत होती, “ताई, मला तीन मुलं. मला कसा होईल?”

ही समजूत आली कुठून? शिबिरांत आपणही सांगतो, मूल झालं, अंगावर पाजलं की धोका कमी. मैत्रिणींनो, हे अर्धसत्य आहे. लवकर झालेल्या बाळंतपणाचा फायदा दिसतो तो उतारवयात. त्याआधी काही वर्षं धोका उलट वाढतो. १५ अभ्यास एकत्र करून २०१९ साली झालेल्या पाहणीत तो बाळंतपणानंतर साधारण ५ वर्षांनी सर्वांत जास्त दिसला. तरुण वयात हा रोग कमीच, म्हणून घाबरू नका. पण गाफीलही राहू नका.

याच अर्धसत्याचा दुसरा फटका एकट्या, मूल नसलेल्या बाईला. “मूल नाही, म्हणून झालं!” आजारी बाईला उपचार हवेत की ठपका?

गर्भारपणातही सोनोग्राफी होते, सुईने तुकडा काढून तपासता येतो, पहिले तीन महिने उलटल्यावर केमोथेरपीही देता येते. मग टाळाटाळ कशाला? गर्भार किंवा पाजणाऱ्या बाईची गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर तपासणी झालीच पाहिजे. ही मागणी घेऊन आपण प्रत्येक प्रसूतिगृहात जाऊ या.