वाटीभर म्हणजे किती?

गेल्या महिन्यात माझ्या एक जुन्या पेशंट बाई दवाखान्यात आल्या. मधुमेह आहे, पण पथ्य कडक. तरीही दोन महिन्यांत वजन अडीच किलोंनी वाढलेले. "डॉक्टर, तुम्ही सांगितलंत तेवढंच खाते हो. फरसाण बंद केलं, त्याऐवजी रोज वाटीभर भाजलेले दाणे." वाटीभर दाणे मीच सांगितले होते. मी त्यांना घरची वाटी घेऊन यायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी वाटी आली. दहा मिलिलिटरच्या सिरिंजने तिच्यात पाणी भरत गेलो. पंधरा सिरिंजा लागल्या. सल्ला देताना माझ्या डोळ्यांसमोर होती आमच्या घरची चटणीची वाटी. तिच्यात पाचच मावतात. माझ्या वाटीत दाणे बसतात सुमारे ३० ग्रॅम, बाईंच्या वाटीत ९०. पथ्य त्यांनी तंतोतंत पाळले होते; चूक माझी होती.

दाणे वाईट मुळीच नाहीत. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. पण जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते. ३० ग्रॅम दाण्यांतून सुमारे १७० कॅलरी मिळतात, ९० ग्रॅममधून ५१०. बाईंच्या त्या एका वाटीबरोबर आठ-नऊ चमचे तेल पोटात जात होते!

कुटाचे तर विचारूच नका. सैल भरलेली वाटी आणि दाबून भरलेली वाटी यांत बराच फरक पडतो. बदामांचेही तेच. पाककृतींतल्या २४० मिलिलिटरच्या कपात अख्खे बदाम सुमारे १४० ग्रॅम बसतात, पातळ काप केले तर सुमारे ९०च. अक्रोडाचे उलट. अर्ध्या अक्रोडांमध्ये पोकळी राहते, म्हणून तुकडे केले की त्याच कपात जास्त मावतात. चिरा, कांडा, दळा. माप बदलते, वजन बदलत नाही.

आमच्या आई-आजींचा वाटीवर हात बसलेला होता, कारण घरात वाटी एकच आणि तीच सगळ्या जिन्नसांना. तिथे प्रमाण बिघडत नसे. घोटाळा होतो तो एका घरची वाटी दुसऱ्या घरात गेली की.

उपाय सोपा आहे, काटाही लागत नाही. वाण्याने तोलून दिलेले पाव किलो दाणे आपल्या वाटीने मोजा. अडीच वाट्या भरल्या तर एक वाटी १०० ग्रॅमची. तो आकडा कागदावर लिहून दाण्यांच्या डब्याला चिकटवा. कूट करायचा तर दाणे आधी मोजा, मग कुटा. चौघांच्या साबुदाण्याच्या खिचडीत १०० ग्रॅम दाण्यांचा कूट घातला, तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ ग्रॅम. उपवासाच्या दिवशीही हिशेब चुकायचा नाही.

आणि आम्हा डॉक्टरांचे काय? गोळी लिहिताना आम्ही मिलिग्रॅमची चूक होऊ देत नाही. आहार मात्र अंदाजपंचे सांगतो. मधुमेहात आहार हेही औषधच आहे. मी आता चिठ्ठीवर 'दाणे ३० ग्रॅम' असे लिहितो. तुमच्या डॉक्टरांनी नुसते 'वाटीभर' म्हटले, तर संकोच न करता विचारा, "डॉक्टर, कोणाची वाटी?"