मुंबई की पुणे : खरा प्रश्न

मराठीत एम.ए. करू पाहणारे विद्यार्थी दरवर्षी विचारतात : मुंबई विद्यापीठ की पुणे? उत्तरादाखल त्यांना १८५७ आणि १९४९ ही स्थापनावर्षे, राजाबाई टॉवर, गणेशखिंडीतला प्रशस्त परिसर ऐकवला जातो. आम्हांस ही निव्वळ वंशावळ वाटते. दोन्ही विद्यापीठे २०१६ च्या एकाच कायद्याखाली चालतात. तेव्हा विचारायचे ते हे : विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती, तासिका तत्त्वावर राबणारे किती, पुण्याच्या जयकर ग्रंथालयासारखा संग्रह विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्षात किती येतो, प्रबंधाला मार्गदर्शक कोण. मनोऱ्याची उंची पाहून विद्यापीठ निवडणारा उद्या संहिता बाजूला ठेवून लेखकाच्या पुरस्कारांवरच निबंध लिहील. मात्र रिक्त पदांबाबत मौन पाळणाऱ्या अध्यापकवर्गाला त्याला हसण्याचा अधिकार नाही.