गळ्यातील नळी आणि तालुक्याची परिचारिका

पुण्याच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात महिनाभर अतिदक्षता विभागात काढून शिरूर किंवा दौंड तालुक्यातील आपल्या गावी परतणाऱ्या रुग्णाच्या गळ्यात पुष्कळदा एक बोटभर लांबीची नळी असते. वैद्यकाच्या भाषेत ती ट्रॅकिऑस्टमीची नळी. कंठाखाली छेद घेऊन ती थेट श्वासनलिकेत बसविलेली असते आणि रुग्णाचा श्वास नाकातोंडाने न जाता तिच्यातून जातो. शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदाचे काम अर्ध्या-पाऊण तासात संपते. ती नळी मोकळी ठेवण्याचे काम मात्र नळी गळ्यात असेपर्यंत रात्रंदिवस चालू राहते, आणि ते शल्यविशारदाचे नव्हे, परिचारिकेचे काम आहे. घट्ट झालेल्या कफाची एक गाठोळी नळीत अडकली तर मेंदूला प्राणवायूवाचून काढता येणारी मिनिटे बोटांवर मोजण्याइतकीच असतात. शिरूर पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटर, दौंडही जवळपास तितकेच. त्या मिनिटांत पुण्याचा कोणताही तज्ज्ञ उपयोगी पडत नाही.

असे रुग्ण ग्रामीण भागात कितीसे असणार, ही शंका वरवरची आहे. पुणे-अहिल्यानगर आणि पुणे-सोलापूर हे दोन अखंड वाहते महामार्ग या दोन तालुक्यांतून जातात. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत पाळ्या बदलताना रस्त्यावर दुचाकींची रीघ लागते आणि शिरस्त्राण बहुधा आरशाला अडकवलेले असते. डोक्याच्या जबर दुखापतीनंतर आठवडेच्या आठवडे बेशुद्ध राहणाऱ्या रुग्णाला ही नळी लागते. फवारणीची कीटकनाशके पोटात गेलेला रुग्ण पहिला दिवस तरून गेला तरी दुसऱ्या ते चौथ्या दिवसात त्याचे श्वसनाचे स्नायू लुळे पडू शकतात आणि तोही दीर्घकाळ यंत्राच्या श्वासावर राहतो. तंबाखूने जडलेल्या तोंडाच्या व स्वरयंत्राच्या कर्करोगाचे रुग्ण वेगळेच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे या विकाराची साथ उद्भवली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी कित्येकांना कृत्रिम श्वासाची गरज पडली. या विकारात रुग्ण बरा होतो, परंतु सावकाश बरा होतो. तोवर त्याला जगविणे हे बहुतांशी शुश्रूषेचे काम असते, ही गोष्ट त्या साथीत पुणेकरांनी जवळून पाहिली.

शुश्रूषेने मृत्यूचे प्रमाण बदलते याचा इतिहासातील सर्वांत ठळक दाखला १९५२ सालचा आहे. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओचे रुग्ण श्वास बंद पडून दगावत होते. साथीच्या आरंभी अशा ३१ रुग्णांपैकी २७ मृत्युमुखी पडले. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात नळी बसवून रबरी पिशवीने हाताने श्वास देण्याचा प्रयोग केला आणि तो यशस्वी झाला. पुरेशी यंत्रे नव्हती, म्हणून सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून ती पिशवी दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाचे मूळ या प्रसंगात सांगतात. तो विभाग जन्माला घातला तो यंत्राने नव्हे, हे आपल्याकडे यंत्रांच्या उद्घाटनाची फीत कापणाऱ्यांना एकदा कुणीतरी सांगावयास हवे.

हे कौशल्य म्हणजे नेमके काय? नळीतील कफ ओढून काढणे, असे एका वाक्यात सांगता येते आणि तेवढेच सांगितल्यामुळे घात होतो. कफ ओढण्याची कॅथेटर गळ्यातील नळीच्या आतील व्यासाच्या निम्म्याहून जाड असता कामा नये, एरवी कफाबरोबर फुप्फुसातील हवाही खेचली जाते. कॅथेटर आत घालताना ओढ द्यावयाची नाही, बाहेर काढताना द्यावयाची, आणि तीही दहा-पंधरा सेकंदांपलीकडे नाही. परिचारिकेने स्वतःचा श्वास रोखून धरावा, आपल्याला घुसमटले की थांबावे, अशी एक जुनी युक्ती अनुभवी सिस्टर नवशिक्यांना शिकवितात. त्याआधी रुग्णाला प्राणवायू द्यावयाचा. हात धुवावयाचे, हातमोजे घालावयाचे. तोंडात घातलेली कॅथेटर पुन्हा गळ्यात घालावयाची नाही. नळीभोवतीचा फुगा अति फुगविला तर श्वासनलिकेच्या आतील आवरणाचा रक्तपुरवठा तुटतो, कमी फुगविला तर लाळ फुप्फुसात उतरते. त्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर एवढ्या अरुंद मर्यादेत ठेवावा लागतो. नाक हे हवेला ऊब आणि ओलावा देणारे इंद्रिय आहे. त्याला वळसा घालून आलेली कोरडी हवा कफाचा खडा करते, म्हणून ओलाव्याची व्यवस्था हवी. नळी बांधणारी फीत बदलताना दोन माणसे हवीत, एकाने नळी धरावयाची, दुसऱ्याने फीत. खाटेच्या उशाशी त्याच मापाची एक आणि तिच्याहून लहान मापाची एक अशा दोन नळ्या, कॅथेटर, हाताने श्वास देण्याची पिशवी आणि प्राणवायू ही सामग्री सदैव तयार हवी. कपाटात कुलूपबंद असलेली नळी नसल्यासारखीच होय.

आणि नळी बंद पडलीच तर? आतील नळी काढून पाहावयाची, कॅथेटर जाते की नाही ते पाहावयाचे, फुगा सोडावयाचा, प्राणवायू तोंडावर आणि गळ्यावर अशा दोन्ही ठिकाणी द्यावयाचा, आणि तरीही वाट मोकळी होत नसेल तर ती निरुपयोगी नळी बाहेर काढावयाची. हे शेवटचे पाऊल उचलण्यास धैर्य लागते आणि हे धैर्य सरावातून येते, परिपत्रकातून नव्हे. स्वरयंत्र समूळ काढलेल्या रुग्णाची गोष्ट आणखी निराळी. त्याचा नाकाशी असलेला मार्गच कायमचा बंद झालेला असतो. त्याच्या नाकावर प्राणवायूचा मुखवटा लावून बसणे म्हणजे बुजलेल्या विहिरीत पोहरा सोडणे. दोघांच्याही गळ्याला भोकच दिसते. फरक ओळखणारी परिचारिका मात्र जीव वाचविते.

अशा रुग्णाला बोलता येत नाही, हेही पुष्कळदा विसरले जाते. वेदना, तहान, भीती यांपैकी काहीच त्याला हाक मारून सांगता येत नाही. उशाशी एक पाटी आणि हाताशी एक घंटा, एवढी व्यवस्था फुकटात होते. ती करण्याचे सुचणे हाही शुश्रूषेच्या ज्ञानाचाच भाग आहे.

रुग्ण घरी गेल्यावर हे सारे त्याची पत्नी, आई किंवा सून यांच्यावर येऊन पडते. घरात चूल, दौंड तालुक्यात गावोगावच्या गुऱ्हाळांचा धूर, हंगामात रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या गाड्यांची धूळ, आणि कफ ओढणारे यंत्र विजेवर चालणारे. वीज गेली की यंत्र मुके होते. पायाने चालविण्याचे यंत्र मिळते, परंतु ते घ्यावे हे कुटुंबाला कोणी सांगितलेले नसते. सुटीच्या कागदावर गोळ्यांची नावे असतात, पुढील तपासणीची तारीख असते; नळी अडकल्यास काय करावे याची ओळ क्वचितच असते. दोन नातेवाइकांनी परिचारिकेसमोर आपल्या हाताने कफ काढून आणि आतील नळी धुऊन दाखविल्याखेरीज रुग्णाला सोडू नये, हा दंडक घालण्यास कोणता निधी लागतो?

खाटेशेजारी करावयाच्या साध्या चाचण्यांचा प्रश्न याच जातीचा आहे. या दोन तालुक्यांत भीमा आणि घोड नद्यांच्या काठी ऊस पसरला आहे, आणि उसाबरोबर उंदीर व उंदरांमागून साप येतात. बिबट्या दिसला की त्याची बातमी पहिल्या पानावर येते. घोणस वा मण्यार चावून गेलेल्याची आतल्या पानाच्या कोपऱ्यातही येईलच असे नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे दगावली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. घोणसाचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट करते. ते ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाही. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यावयाचे, ते वीस मिनिटे न हलविता ठेवावयाचे आणि मग एकदाच कलते करून पाहावयाचे. रक्त पातळच राहिले तर प्रतिविष देण्यास विलंब नको. परंतु नळी प्लास्टिकची असेल, किंवा साबणाने धुतलेली असेल, किंवा कुणी तिसऱ्याच मिनिटाला उत्सुकतेने हलवून पाहिली, तर निष्कर्ष फसवा निघतो. पहिल्या खेपेस रक्त गोठले म्हणून निर्धास्त राहावयाचे नसते. चाचणी पुनःपुन्हा करावी लागते आणि प्रतिविष दिल्यावर सहा तासांनीही. मण्यारीच्या दंशात तर रक्त नेहमीसारखे गोठते आणि पापण्या जड होऊ लागतात. तेथे परिचारिकेचे डोळे हीच चाचणी. रुग्णाला एका दमात अंक मोजावयास लावावे. मघाशी तीसपर्यंत पोचणारा आता पंधरावर थांबत असेल, तर श्वास यंत्रावर घेण्याची वेळ जवळ आली आहे, हे प्राणवायूमापकावरील आकडा उतरण्याच्या कितीतरी आधी कळते.

ग्लुकोमीटरची कथा अधिक साधी. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपवास घडलेला म्हातारा बेशुद्ध पडतो, एक बाजू लुळी दिसते, घरचे अर्धांगवायू समजतात आणि त्याला गाडीत घालून पुण्याकडे धाव घेतात. रक्तातील साखर उतरल्यानेही अगदी असेच चित्र दिसू शकते, आणि ते बोटाच्या कडेला टोचून मिनिटभरात कळते. मग शिरेतून साखर दिली की रुग्ण खाटेवर उठून बसतो. मात्र बोट धुतलेले हवे. गुऱ्हाळावर काम करणाऱ्याच्या बोटावरचा गूळ न धुता टोचले, तर उतरलेली साखरही चढलेली दिसते. पट्ट्यांची डबी पावसाळ्यात उघडी राहिली किंवा उन्हाळ्यात पत्र्याखाली तापली, तर यंत्र आकडा दाखविते, पण तो कशाचा हे सांगता येत नाही. गरोदर स्त्रीच्या लघवीतील प्रथिनांची तपासणीही अशीच, दोन मिनिटांची आणि दोन जिवांची.

आता प्रश्न असा की, हे सारे अभ्यासक्रमात नाही काय? आहे. तीन वा चार वर्षांच्या शिक्षणात मुली हे शिकतात, परीक्षेत लिहितात. परंतु जे कौशल्य महिन्यातून एकदाही हाताला लागत नाही ते हात विसरतो. तालुक्याच्या रुग्णालयात परिचारिका नोंदवह्या भरते, भांडार सांभाळते, संगणकावर आकडे चढविते. जिचा हात बसतो तिची बदली होते, आणि कंत्राटी परिचारिकेच्या प्रशिक्षणाकडे तिचे कंत्राट संपेपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही. काहींच्या मते असे रुग्ण तालुक्यात ठेवूच नयेत, पुण्यालाच पाठवावेत. सुरक्षित वाटणारा हा युक्तिवाद खाटांच्या हिशेबात टिकत नाही, कारण पुण्याची रुग्णालये याच रुग्णांना खाट हवी म्हणून घरी धाडीत असतात.

महाराष्ट्राला या विषयाचा वारसा नवा नाही. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभारणाऱ्या रमाबाई रानडे यांनी घरंदाज स्त्रियांना शुश्रूषेच्या शिक्षणाकडे वळविले, ते समाज या कामाला हलके मानीत असताना. आज ते हलके मानले जात नाही, पण त्याच्या सरावाची तरतूद हलकीच आहे. शिरूर व दौंड येथील शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांना दरवर्षी आळीपाळीने पंधरा दिवस ससूनच्या अतिदक्षता विभागात काम करावयास पाठविणे, आणि त्या काळात त्यांच्या जागी बदली परिचारिका देणे, हे जिल्हा प्रशासनाच्या आवाक्यातील आहे. गळ्यात नळी असलेला रुग्ण पुण्याहून निघतो त्याच दिवशी त्याचे गाव, नळीचे माप आणि शस्त्रक्रियेची तारीख तालुक्याच्या रुग्णालयास कळविली गेली पाहिजे. आज त्या रुग्णालयाला हा रुग्ण आपल्या हद्दीत आहे हे कळते, ते बहुधा मध्यरात्री १०८ क्रमांकाची गाडी त्याला घेऊन दारात उभी राहते तेव्हा. आणि त्या वेळी सामान्य विभागात असते एकटी सिस्टर, जिच्या कपाटात त्या मापाची नळी आहे किंवा नाही हे तिलाही शोधूनच पाहावे लागते.