भरल्या घरातली बाळंतीण

“मुसलमानांची घरं माणसांनी भरलेली असतात. सासू, जावा, नणंदा, वर शेजारपाजार. तिथल्या बाळंतिणीला कसला आलाय एकटेपणा?” सोलापुरात मुस्लिम बाळंतिणींच्या एकटेपणाचा विषय काढला की असं हमखास ऐकायला मिळतं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण तो माणसं मोजतो, सोबत मोजत नाही.

विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा गोव्यातल्या मातांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं होतं. त्यातल्या बहुतेकींचा त्रास गरोदरपणातच सुरू झाला होता. ओढगस्त, नवऱ्याशी न पटणं, मुलगा हवा असताना मुलगी होणं या गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या दिसल्या. यातली एकही गोष्ट भरल्या घराबाहेर थांबत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: “दोष त्यांच्या धर्माचा आहे, आधी तो सुधारा.” गोव्यातला अभ्यास मुस्लिम स्त्रियांपुरता नव्हता, हे आधी लक्षात घ्यावं. आणि कुराणातली मरियमची, म्हणजे येशूच्या आईची, कथा वाचावी. वेणांनी व्याकूळ, एकटी, खजुराच्या झाडाशी आलेली ती बाई ‘याआधीच मेले असते तर बरं’ म्हणते. तिला उपदेश मिळत नाही. दुःख करू नकोस असा दिलासा मिळतो, पायाशी झरा आणि ताजा खजूर मिळतो. प्रसूतीच्या वेदनेतल्या स्त्रीला धीर आणि अन्न द्यावं, हे या परंपरेला परकं नाही. चाळीस दिवसांची विश्रांतीही चांगलीच. मात्र दवाखान्यात किंवा माहेरी जायला चार जणांची परवानगी लागते, हेही खरं आहे. ती गाठ घरच्यांनीच सोडवायला हवी. धर्माचं नाव पुढे करून ती झाकू नये.

सोलापुरातल्या हजारो बायका घरी बिड्या वळतात. त्यांत तेलुगू भाषक आहेत, तशा मुस्लिमही आहेत. पानं-तंबाखू आणायला, तयार माल द्यायला कारखान्यात जावं लागतं, तिथे चार बायकांशी बोलणं होतं. बाळंतपणात मजुरी थांबते आणि हे बोलणंही थांबतं. तंबाखूच्या धुळीपासून सुटका होते हे बरंच, पण बोलण्याची जागा भरून काढायला कुणी येत नाही. कलबुर्गी-विजयपूरकडून सून म्हणून आलेलीला तर गल्लीत माहेरचं माणूसही नसतं.

दवाखान्यात प्रसूती झाली की आशा ताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते. बाळाचं वजन, ताप, दूध, नाळ पाहते. चाळीस दिवस सरतात, पाहुणे पांगतात, आणि त्याच सुमारास आशाच्या या भेटीही संपतात. ठरलेली पुढची भेट तिसऱ्या महिन्यात. आईला आधाराची गरज असते तेव्हाच ही मोठी फट पडते. लसीसाठी दीड, अडीच, साडेतीन महिन्यांनी आई केंद्रावर येते, तिथेही चौकशी बाळाचीच होते.

“मग मानसोपचारतज्ज्ञ नेमा” हा सल्ला अपुरा आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान यांनी सरकारी आरोग्यसेविकांनाच शिकवून तयार केलं. नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांकडे त्या शेवटच्या महिन्यापासून जाऊ लागल्या आणि बाळंतपणानंतरही जात राहिल्या. 2008 साली निष्कर्ष आले: बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्याकडच्या 23 टक्के मातांमध्येच नैराश्य उरलं होतं, नेहमीच्याच भेटी मिळालेल्या मातांमध्ये 53 टक्के. पुढे गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने वस्तीतल्या साध्या बायकांना ‘सखी’ म्हणून तयार करून हाच प्रयोग केला.

सोलापूर महापालिकेने हे करावं. विजापूर वेस, नई जिंदगी या भागांतल्या दखनी बोलणाऱ्या, स्वतः आई झालेल्या बायका निवडाव्यात, त्यांना शिकवावं आणि मोबदला द्यावा. ही कामं फुकट करून घेऊ नयेत. सातव्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत त्यांनी जात राहावं. जमातींनी आणि बिडी कामगारांच्या संघटनांनी त्यांच्यासाठी दारं उघडावीत. आणि नवऱ्यांनो, तुमच्या घरातली बाई दोन आठवडे उदास असेल, झोप-जेवण तुटलं असेल, तर वाट पाहू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.